डोक्यावर घेतलेली शपथ

व्याख्यान द्यायला मी आयुष्यात कधी तयार झाले नाही, आणि आमच्या समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या मनातून मी उतरले ती त्यामुळंच. "इतक्या वर्षांचा अनुभव तुमचा, तो चारचौघींच्या कानांवर पडायला नको का?" असं त्या भेटतील तेव्हा विचारायच्या. मी म्हणायची, कानांवर पडतो तसाच तो खालीही पडतो. त्यांना वाटायचं, मी भाव खाते. वाटू दे. मला त्याचं काही नव्हतं.

समिती होती सोलापुरातल्या वकील-डॉक्टरांच्या आणि पेढीवाल्यांच्या बायकांची. गिरणीच्या चाळींतल्या बायकामुलांचं भलं करायचं, असा तिचा उद्देश छापलेला होता. मी तिची पगारी सेविका. नवरा गेल्यावर पुण्याला जाऊन मी सुइणीचं शिक्षण घेतलं होतं आणि परत येऊन चाळींतून फिरायला लागले होते. ते फिरणं इतकी वर्षं चाललं की मराठी, तेलुगू, कानडी, दखनी अशा सगळ्या बोलींतल्या शिव्या मला कळायला लागल्या, आणि त्यांतल्या निम्म्या देताही यायला लागल्या. चाळीतल्या बायका मला आक्का म्हणायच्या.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. शिकलेल्या मुली या कामात यायला लागल्या होत्या. समितीनं त्यांना नेमावं आणि मी त्यांना तयार करावं, असं ठरलं. मी एकच अट घातली. एका वेळी एकीनंच यायचं, मैत्रीण बरोबर आणायची नाही. दोघी आल्या की त्या एकमेकींना दाखवायला बोलतात, आणि तिघी आल्या की सभाच भरते. सभेत कुणी आपली फजिती सांगत नाही. आणि मला तर तीच ऐकायची असायची.

शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत बुधवारी दुपारी ही आमची बैठक व्हायची. आलेल्या मुलीपुढं मी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवायची आणि सांगायची, फोड. हात गुंतले आणि नजर खाली गेली की माणूस खरं बोलतं, हे मी बाळंतिणींच्या खोल्यांत शिकले होते. काय चांगलं केलंस ते मी विचारत नसे. कुठं अडलीस, कुणी दार लावून घेतलं, कुणाची भीती वाटली, ते विचारायची. आणि प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगायची, "कुणाला काही सोडायला सांगायच्या आधी, तिनं ते धरलंय कशासाठी, ते बघून ये."

माझ्या या मुलींत एक चष्मेवाली होती. मॅट्रिक झालेली, चटपटीत, उन्हातान्हाला न कंटाळणारी. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या पगारावर चाललेलं. शेंगा फोडताना दाणे तोंडात टाकणारी ती एकटीच. बाकीच्या माझ्या धाकानं टाकत नसत. सगळ्यांत मला ती आवडायची, हे सांगून टाकते, म्हणजे तिच्यावर मी इतकी का भडकले ते कळेल.

आता बाळगोळीचं सांगायला हवं. मोहरीएवढी काळी गोळी, तिच्यात अफू. चाळीत ती सर्रास मिळायची. सकाळचा भोंगा झाला की आई गिरणीत जायची ती थेट संध्याकाळी परत. तान्हं बाळ ठेवायचं कुठं? चाळीच्या टोकाला एका म्हाताऱ्या तेलुगू बाईची खोली होती. तिला सगळे अव्वा म्हणत. अव्वा शेजारणींची पोरं सांभाळायची. एका खोलीत इतकी तान्ही बाळं की पाय ठेवायला जागा नाही. ती सगळी एकदम रडायला लागली तर एका म्हातारीनं काय करावं? म्हणून आया सकाळी गोळी चाटवून बाळ आणून ठेवायच्या, आणि ते दिवसभर पेंगत पडायचं.

वाईट होतं का ते? होतंच. कितीतरी बाळं मी त्यापायी वाळताना पाहिली. पण समितीतल्या बायका त्याबद्दल बोलायला लागल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "काय या आया! पोटच्या पोराला अफू!" असं म्हणताना यांची स्वतःची नातवंडं बाहेर दाईच्या कडेवर असायची. गिरणीत पाळणाघर काढा म्हणून मी समितीच्या किती बैठकांत ओरडले. त्यासाठी गिरणीवाल्यांपाशी भांडावं लागलं असतं, आणि यांतल्या दोघींचे नवरे गिरणीचे वकील. त्यापेक्षा आयांना शहाणपण शिकवणं सोपं. त्या वर्षी तर यांनी बालप्रदर्शन काढलं. गुटगुटीत बाळांना बक्षिसं. दिवसाला एक भाकरी खाऊन दहा तास उभी राहणारी बाई, तिचं बाळ गुटगुटीत हवं, आणि ते कलेक्टरांच्या बाईसाहेबांना उचलून बघायला हवं!

प्रदर्शन माघात ठरलं होतं. त्याच्या आधीच्या बुधवारी ही चष्मेवाली माझ्याकडं आली ती उड्या मारतच. शेंगांना हात लावायच्या आधीच म्हणाली, "काकू, एका बाईची बाळगोळी सुटली! एका दिवसात!"

"कुणाची?"

तिनं सांगितलं. मोहोळकडची एक धनगरीण, गिरणीत सुताच्या रिळांवर काम करणारी. तिला मी ओळखत होते. बाई मुलखाची भोळी आणि शब्दाची पक्की. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि ही बहिणीच्या आधारानं चाळीत. पहिलीच खेप, बाळ सहा-सात महिन्यांचं. बाळंतपण माझ्याच हातचं. गोळी हळूहळू कमी करायला मी तिला सांगितलं होतं आणि ती तसं करतही होती.

"मी शनिवारी गेले होते," मुलगी सांगायला लागली. "नुसतं समजावून त्या ऐकत नाहीत. हो हो म्हणतात आणि पाठ वळली की देतात. मग मला सुचलं. तिच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. मी म्हटलं, उचल बेलभंडार, घे देवाची शपथ. पुन्हा या बाळाला गोळी देणार नाही म्हण. आणि काकू, तिनं उचलला! तेव्हापासून एक कणसुद्धा दिलेला नाही."

मी हातातली शेंग सुपात टाकली. "शनिवारपासून?"

"हो."

"आणि बाळ?"

"रडतं. सवय मोडताना रडणारच की."

मी उठले आणि चपला घातल्या. जन्मल्यापासून अफूवर ठेवलेल्या बाळाची गोळी एका दिवसात तोडायची नसते. त्याच्या सगळ्या अंगाला तिची गरज लागलेली असते. तोडली तर ते रडून रडून, हगून, ओकून चार-सहा दिवसांत हाताबाहेर जातं. सुईच्या टोकावर घेऊन, आज इतकी, आठवड्यानं त्याहून थोडी कमी, अशी ती उतरवायची असते. हे मी हिला सांगितलं होतं, याच खोलीत. ती म्हणाली, "पण त्याला महिने लागतात, आणि प्रदर्शन तर या रविवारी आहे!" रस्त्यात मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पेठेतले दुकानदार वळून बघत होते.

अव्वाच्या खोलीबाहेरच आवाज आला. भुकेल्या बाळाचं रडणं वेगळं आणि हे वेगळं. हा बारीक, चिरका, न थांबणारा सूर होता. बाळाचे हातपाय थरथरत होते, टाळू आत गेली होती, ढुंगण जुलाबांनी सोलवटलं होतं. अव्वा माझ्यावरच तुटून पडली. "तुमी बाई लोक काय करता, आँ? चार दिवस झोपत नाय, पीत नाय. बाकी पोरं पण याच्यासंगं रडतात. आईला मी बोलली, जरा दे. ती देत नाय, देव देव करते!"

संध्याकाळचा भोंगा झाला आणि धनगरीण पळतच आली. केसांत कापसाचे तंतू, डोळे रडून सुजलेले. बाळाला तिनं पदराखाली घेतलं. त्याला ओढायची ताकद नव्हती. तोंडात दूध यायचं आणि बाहेर गळायचं.

मी अव्वाकडून एक गोळी मागून घेतली, सुईच्या टोकावर कणभर काढली, दुधात कालवली आणि वाटी पुढं केली. "चाटव. एवढीशीच. तासाभरात शांत होईल."

तिनं बाळ छातीशी दाबून धरलं आणि मागं सरकली. "न्हाय आक्का. बेलभंडार उचललाय म्या."

"अगं, ते मरेल!"

"दिली तर देव मारंल की त्याला. मग म्या काय करू, तुमीच सांगा."

तिच्यापुढं दोन्हीकडून मरणच मांडलेलं होतं, आणि ते मांडलं होतं आमच्या समितीनं. मी खूप समजावलं. मी चाटवते म्हटलं, तरी ती बाळ हातात देईना. गोळी बाळाच्या पोटात जाता कामा नये, अशीच शपथ तिनं घेतली होती, आणि ती कुणाच्याही हातानं मोडायची तिची तयारी नव्हती. आम्ही तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी मी म्हणत होते तेच सांगितलं, वर अफूचेच थेंब लिहून दिले आणि तिला खुळी म्हणून हाकलली. ती बाटली तिनं देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवली आणि बाळ मांडीवर घेऊन बसली. "खुळी न्हाय म्या," एवढंच मला म्हणाली.

तेव्हा अव्वा म्हणाली, "ज्यानं घातली त्यानं सोडवायची. दुसरं काय?"

मला हे आधी सुचायला हवं होतं. आपल्या घरांतली पोरंसुद्धा एकमेकांना गळ्याची शपथ घालतात आणि मग 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागं लागतात. घालणाऱ्यानं म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. बेलभंडाराचं तसंच, फक्त त्यात खेळ नाही. ज्यानं उचलायला लावला, त्यानं त्याच देवापुढं बसून शपथ सुटली म्हणायचं आणि तिचा भार आपल्या डोक्यावर घ्यायचा. मग देवाचा कोप व्हायचा तो त्याच्यावर. धनगरिणीनं मान वर केली. तिला ते पटत होतं.

मी मुलीकडं वळले. "बस खाली. म्हण."

ती दारातच उभी होती. "काकू, मी देव मानत नाही."

"मानत नव्हतीस तर मांडलास कशाला?"

ती रडायला लागली. मग एकेक बाहेर आलं. अध्यक्षीणबाईंना तिनं ही बातमी रविवारीच सांगितली होती. त्यांनी ती प्रदर्शनात सांगायची ठरवलं होतं, कलेक्टरांच्या बाईसाहेबांच्या कानावर घातलीही होती. आता त्यांना न विचारता हे केलं तर नोकरी जाईल. तिनं म्हटलं, एक रात्र द्या, सकाळी विचारते आणि लगेच येते. मी तिच्या दंडाला धरून आत ओढली. ती बसली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि धनगरीण म्हणाली, "जबरीनं नगं आक्का. देवाला कळतंय." जबरीची शपथ सुटत नाही, हेही खरंच. मी बाळाला मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत तिथंच राहिले. मला त्या बाळाच्या आवाजापेक्षा मधेच तो थांबायचा त्याची धास्ती वाटत होती.

सकाळी मी त्या मुलीला घेऊन अध्यक्षीणबाईंच्या घरी गेले. त्या बक्षिसांसाठी रंगीत रिबिनी कापत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रविवारपर्यंत थांबता नाही का यायचं? तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"त्या बाळाजवळ तीन दिवस नाहीत."

"तुम्ही फार टोकाचं बोलता. रडून कुणी मरत नाही. आणि अफू द्या असं समितीच्या बाईनं सांगितल्याचं बाहेर फुटलं, तर लोक काय म्हणतील?"

मी त्यांच्या समोर बसले, रिबिनींवरच. "हे बघा," मी म्हटलं, "मी व्याख्यान देत नाही म्हणून तुम्ही रुसता ना? रविवारी देते. बाईसाहेबांच्या समोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाळ जगलं तर त्याला मांडीवर घेऊन देईन, आणि मेलं तर कुणाच्या बातमीसाठी मेलं ते सांगेन."

त्यांचं तोंड उतरलं. मग कात्री खाली ठेवून त्या मुलीला म्हणाल्या, "जा, कर काय करायचं ते. पण गाजावाजा नको. यात समितीचं नाव येता कामा नये." मी तसा शब्द दिला. बाळ कसं आहे, हे त्यांनी आल्यापासून जाईपर्यंत विचारलं नाही.

धनगरीण त्या दिवशी कामावर गेलीच नव्हती. बाळ मांडीवर निपचित होतं, आवाजसुद्धा बसला होता. मुलगी देव्हाऱ्यापुढं बसली. मी सांगितलं तसं तिनं भंडारा आणि बेलाचं पान हातात घेतलं आणि घाईघाईनं म्हणाली, "हिला घातलेली शपथ सुटली. तिचा भार आता माझ्या डोक्यावर."

धनगरिणीनं चिमटीत भंडारा घेतला. पण मुलीच्या कपाळापर्यंत नेलेला हात तिनं तसाच थांबवला. "बाई, समजून घेतासा न्हवं? तुमी अजून लगीन न झालेली लेक. मागनं काय आलं तर?"

"हो, हो. लाव लवकर."

तिनं भंडारा लावला, आणि मग मी बाळाच्या जिभेवर पहिला थेंब सोडला. त्याचं थरथरणं थांबायला बराच वेळ लागला. ते झोपलं, उठलं आणि पहिल्यांदा नीट चोखायला लागलं. धनगरीण त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्या मुलीच्या कपाळाकडं बघत होती. मुलगी बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आली. समितीच्या कचेरीत पिवळं कपाळ घेऊन कसं जायचं?

रविवारी प्रदर्शन झालं. मी मागच्या बाकावर बसले होते. अध्यक्षीणबाईंनी गोड आवाजात सांगितलं की आमच्या एका कार्यकर्तीनं एका अडाणी मातेकडून तिच्याच देवापुढं शपथ घेववली आणि बाळाची अफू सोडवली. टाळ्या पडल्या. मुलीला उभं केलं. ती उभी राहिली, नमस्कार केला आणि बसली. मी दिलेला शब्द पाळायला हवा होता म्हणून गप्प राहिले, नाहीतर त्या दिवशी त्या मांडवाचे खांब राहिले नसते.

बाळ जगलं. ते जगवायला फाल्गुन अख्खा गेला. थेंब कमी करत आणायचे, मधल्या सुट्टीत आईला पाजायला सोडावं म्हणून रिळखात्यातल्या नायकिणीशी, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीशी, भांडायचं. या भांडणात मला खरी मजा आली. ती माझ्या तोलाची होती. चैत्र लागेपर्यंत बाळ थेंबांशिवाय झोपायला लागलं आणि माझं नाक ओढायला लागलं.

एका सोमवारी मी त्याला बघायला गेले, तर धनगरीण भिंतीला धरून चालत होती. पाय उचलून बघितले. तळव्यांना फोड, काही फुटलेले. सोलापूरचं चैत्रातलं ऊन ज्याला माहीत आहे त्याला ती जमीन कशी तापते ते सांगायला नको. "हे काय केलंस?"

"काय न्हाय आक्का. बाळ्याला जाऊन आले." बाळे म्हणजे मोहोळच्या रस्त्यावरचं, गावाबाहेरचं खंडोबाचं ठाणं. "दर आइतवारी जाते. अनवाणी. येईस्तवर पाणीबी पीत न्हाय."

"कसला नवस?"

"नवस न्हाय." ती हळू आवाजात बोलायला लागली. "त्या बाईनं माझ्या लेकरापायी डोईवर घेतलं की. कोवळी पोर. तिला त्यातलं काय म्हायती हाय? देवाचा कोप झाला तर तिच्यावर हुईल. म्हणून देवाला सांगते, तिच्यावरचं माझ्यावर घे."

आठवडाभर रिळांपाशी उभं राहायचं आणि मिळालेल्या एका सुट्टीत तापल्या रस्त्यानं अनवाणी जायचं, ते जिनं हिच्या लेकराला मरणाच्या दारात नेलं तिच्यासाठी. मी तिला रागावले, वेडी म्हटलं, मलम लावलं. असं काही नसतं, असंही म्हटलं. पण बाळ वाचलं होतं ते असं काही असतं म्हणूनच, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्याच आठवड्यात बुधवारी माझी चष्मेवाली आली. पुण्याला कसलीशी महिलांची परिषद होती आणि समिती तिला तिथं व्याख्यानाला पाठवत होती. "काकू, तुमच्यासमोर एकदा म्हणून बघते. चुकलं तर सांगा."

ती उभी राहिली आणि बोलायला लागली. बोलणं छान होतं. अडाणी लोकांना शास्त्र सांगून कळत नाही, त्यांच्या श्रद्धेचाच हत्यारासारखा उपयोग करून घ्यावा, मला सोलापुरात असा अनुभव आला, आणि मग बेलभंडार. बाळ शेवटी हसतं, आणि आई हात जोडते.

"आणि मधलं?" मी विचारलं. "शपथ सोडवलीस ते?"

"तेवढं गाळलंय. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, त्यानं मुद्दा कमजोर होतो." मग जरा थांबून म्हणाली, "आणि खरं तर सोडवणं म्हणजे काय हो, काकू? दोन वाक्यं म्हटली, कपाळ धुतलं. तिचं समाधान झालं."

सूप मी बाजूला ठेवलं. मी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या ऐकून घेतल्या असत्या, रडली असती आणि पुण्याला जाऊन तेच बोलली असती. माझ्या शिव्यांची तिला सवय झाली होती. मी फक्त एवढंच म्हटलं, "रविवारी सकाळी लवकर ये. चालायचंय."

"कुठं?"

"बाळ्याला. तुझ्या व्याख्यानातली बाई दर रविवारी तिथं जाते. अनवाणी. तुझ्यासाठी."

मला वाटलं येणार नाही, पण ती आली. वाटेनं तिनं दोनदा चष्मा काढून पुसला, एवढंच माझ्या ध्यानात आहे. पोचेपर्यंत ऊन चढलं होतं.

देवळाच्या पायऱ्यांपाशी धनगरीण दिसली. बाळ काखेत, पायांना मी बांधलेल्या चिंध्याही तिनं सोडून टाकल्या होत्या. तिनं आधी मला बघितलं आणि हसली. मग माझ्यामागं उभी असलेली मुलगी तिला दिसली, आणि तिचं हसू एकदम गेलं. फोडांवर फोड आलेल्या पायांनी ती पळत आली. मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला, गालाला लावला, दंड चाचपले.

"काय झालं तुमास्नी? आं? म्हणून आलासा व्हय देवाला? ताप येतुया? घरात कुणाला काय झालं का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "काही झालं नाही."

"खरं सांगा. माझ्यापासनं चोरू नगासा."

मुलीनं मान हलवली, पण तिचे डोळे भरून आले, आणि ते बघून धनगरिणीची खात्रीच पटली. तिनं बाळ मुलीच्या हातात कोंबलं. "धरा वाईच." आणि पायरीवर दोन्ही तळवे आपटून देवाला ओरडून विचारायला लागली, "सांगितलं हुतं का न्हाय तुला? दर आइतवारी सांगितलं. माझ्यावर काढ म्हणलं. तिच्यावर का काढलंस? त्या लेकीनं तुझं काय वाईट केलं हुतं?"